कळणा, कापूस आणि प्रथिनांचा हिशेब

शंकेखोर : ताई, जळगाव काय नि धुळे काय, औषधांच्या दुकानांत प्रोटीन पावडरीचे डबे आता दर्शनी फळीवर आले आहेत. व्यायामशाळेतला पोरगा, बाळंतीण, साठी उलटलेला निवृत्त शिक्षक, सगळ्यांना एकच सांगणे : ग्रॅम वाढवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत हे पूरक डबे टाळायला सांगितले आहे. संस्थेच्याच हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. दोन वेळची पोटभर भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि ताक मिळाले तर ५४चा आकडा फार दूर राहत नाही. मग प्रथिनांचा एवढा गाजावाजा कशासाठी? मला तर यात विज्ञानापेक्षा बाजारच जास्त दिसतो.

उत्साही : डब्यांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे, नाना. माझी तक्रार वेगळी आहे. दुकानदार प्रथिने ग्रॅमवारी विकतो आणि तुम्ही ती ग्रॅमवारीच नाकारता. दोघांच्याही बोलण्यात ती एकाच जातीची वस्तू आहे. शरीरात तसे नसते. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन, रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिन, कातडीला आणि हाडांना ताण सोसू देणारे कोलॅजन, अन्न फोडणारी विकरे अशी हजारो प्रथिने आपल्यात कामाला आहेत. ती सगळी वीस अमिनो आम्लांच्या साखळ्यांतून घडतात. साखळीतला क्रम तिची घडी ठरवतो आणि घडी तिचे काम ठरवते. कोलॅजनची तिपेडी रचना १९५४मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. आज संगणक नुसत्या क्रमावरून घडीचा अंदाज बांधतो, आणि त्या कामाला २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर सातपुड्याच्या पायथ्याशी चला. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर आणि पलीकडे नंदुरबार, या पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो १९५७मध्ये नेमका दाखवला. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून देते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, तांबडी पेशी वाकते, ताठरते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मूल हातापायांच्या वेदनेने कळवळते. त्या मुलाला कितीही ग्रॅम प्रथिने खाऊ घाला, सहाव्या जागेवरचा बदल तसाच राहतो.

शंकेखोर : मग हे उदाहरण ग्रॅम मोजणाऱ्यांच्या विरोधातच गेले. पण ते प्रयोगशाळेलाही अडचणीत आणते. कुठल्या आजारात रेणूचा कोणता तुकडा बिघडला हे इतक्या नेमकेपणाने सर्वांत आधी कळले, ते याच आजारात. कळले १९५७ला, आणि राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली जुलै २०२३मध्ये. मधल्या ६६ वर्षांत पाड्यावरच्या मुलांच्या किती पिढ्या होऊन गेल्या? डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने जनुक संपादनाचा उपचार मंजूर केला, त्याची किंमत एका रुग्णामागे वीस लाख डॉलरच्या वर आहे. शिरपूरच्या पाड्यावर हवी असते वेळेवर रक्ततपासणी, लग्नाआधी नीट समजावून सांगणारे माणूस आणि गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा. रेणूचे ज्ञान त्या दारापर्यंत पोचले नाही, तर त्याच्या नेमकेपणाचे कौतुक कुणी करायचे?

उत्साही : पोचायला उशीर झाला हे मान्य. पण पाड्यावर आरोग्यसेविका जी साधी विद्राव्यता चाचणी करते, ती बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या त्याच चिकटण्यावर उभी आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि ते गढूळ झाले की संशय घ्यायचा, मग मोठ्या तपासणीने रुग्ण कोण आणि वाहक कोण हे ठरवायचे. रेणू ओळखला नसता तर वाहक कसा ओळखला असता? तुमचा राग पोचवणाऱ्या व्यवस्थेवर आहे, आणि तो रास्त आहे.

शंकेखोर : व्यवस्था आणि ज्ञान इतके वेगळे करता येत नाहीत, ताई. प्रथिनांच्या बाबतीत तर ज्ञानच एकदा वाट चुकले होते. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला. गरीब देशांत अन्नाचा खरा तुटवडा प्रथिनांचा आहे, असा समज पक्का झाला. माशांचे पीठ, तेलबियांचे पीठ, सूक्ष्मजीवांपासूनचे अन्न अशा योजनांवर पैसा ओतला गेला. त्या लाटेसमोर आकडे घेऊन उभा राहिलेला माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक होते. भारतातल्या आहाराची आकडेवारी तपासून त्यांनी १९७०मध्ये दाखवले, की जिथे पोटभर धान्य-डाळ मिळते तिथे प्रथिने बहुधा कमी पडत नाहीत. जिथे ती कमी पडतात, तिथे मुळात अन्नच अपुरे असते. उपाशी शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळून टाकते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने गरजेचा आकडा खाली आणला आणि १९७४मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्या सगळ्या प्रकाराला प्रथिनांचा मोठा फजितवडा ठरवले. ज्याच्या ताटात भाकरीच अर्धी आहे, त्याच्यापुढे प्रथिनांचे वेगळे भाषण कशाला?

उत्साही : सुखात्मे यांचे म्हणणे अर्धे आजही तितकेच खरे आहे : आधी पोट भरले पाहिजे. पण त्यांच्यानंतर हिशेब पुढे सरकला. शरीर प्रथिने बांधते ती ठरलेल्या क्रमाने. वेगवेगळ्या रंगांचे मणी ठरलेल्या क्रमाने ओवताना एक रंग संपला, तर बाकीचे ढीगभर शिल्लक असूनही माळ तिथेच थांबते. आपल्या धान्यात संपणारा तो रंग म्हणजे लायसिन. १९८५मध्ये प्रौढाची लायसिनची गरज दर किलो वजनामागे दिवसाला १२ मिलिग्रॅम धरली होती, तज्ज्ञ समितीच्या २००७च्या अहवालात ती ३० झाली. हा बदल ज्या प्रयोगांमुळे झाला, त्यांत बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांवर केलेले प्रयोग महत्त्वाचे होते. खुणेचा कार्बन असलेली अमिनो आम्ले देऊन शरीर त्यांचे काय करते, हे त्यांनी चोवीस तास मोजले. म्हणजे एकूण ग्रॅम पुरेसे दिसत असतानाही एकट्या ज्वारीवर किंवा गव्हावर जगणारा माणूस लायसिनला मुकलेला असू शकतो.

आता हे खानदेशच्या तव्यावर पाहा. ज्वारीच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसिन असते वीस-पंचवीस मिलिग्रॅम. प्रौढाला हवे ४५. उडदात ते साठाच्या वर असते. तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा सालीचा उडीद दळला, की शंभर ग्रॅम पिठात तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात आणि लायसिन जवळजवळ हव्या त्या पातळीला पोचते. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, ती ज्वारी भरून काढते. अशा पिठाची, म्हणजे कळण्याची, भाकरी हा दोन अपुऱ्या प्रथिनांचा एकमेकांना पुरे पडणारा मेळ आहे.

शंकेखोर : आणि हा मेळ कुणी बसवला? जात्यावर बसणाऱ्या बायांनी. त्यांच्यापाशी खुणेचा कार्बन नव्हता. पावसाळ्यात उडीद यायचा, तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर ज्वारी यायची, दोन्ही एकत्र दळले जायचे. तुम्ही त्यांच्या शहाणपणावर नंतर शिक्का मारलात. शिक्का मारायला मोजमाप तरी धड होते का? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत योहान येल्दाल यांनी १८८३मध्ये जी पद्धत काढली, तीच अजून चालते : नमुना गंधकाम्लात उकळायचा, नत्र मोजायचे, त्याला ६.२५ने गुणायचे आणि उत्तराला प्रथिने म्हणायचे. पाकिटावरचा आकडा मुळात नत्राचा आहे. म्हणूनच २००८मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांचे फावले. नत्र भरपूर, प्रथिन शून्य. सहा तान्ही मुले गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. मोजणाऱ्या यंत्राला ती भेसळ पौष्टिक वाटली होती.

उत्साही : ती भेसळ पकडली तीही प्रयोगशाळेनेच. पण नत्राचा आकडा म्हणजे प्रथिनांची गुणवत्ता नव्हे, हा तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. म्हणूनच २०१३पासून अन्न व शेती संघटना प्रत्येक अमिनो आम्ल आतड्यात खरोखर किती शोषले जाते ते वेगळे मोजायला सांगते. जात्यावरच्या बायांचे श्रेय त्यांचेच आहे. तरी एक गोष्ट विसरू नका. कळणा त्या घरात होता जिथे उडीद परवडत होता. दख्खनमध्ये जिथे नुसती ज्वारी खाऊन राहावे लागले, तिथे पेलाग्रा दिसला : उन्हाला उघड्या कातडीवर काळपट भेगा, जुलाब, भ्रम. तो जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. १९६०मध्ये हैदराबादच्या संस्थेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिनशी जोडला. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण परंपरेच्या ताटातही खोट असू शकते हे तेव्हा नोंदले गेले. आणखी एक. ज्वारीचे मुख्य प्रथिन, काफिरिन, पाण्यात शिजवले की आपसात गंधकाचे बंध बांधून घट्ट होते आणि पचायला जड जाते. गहू, तांदूळ, मका यांच्यापेक्षा ही घट जास्त. आंबवले की पचन सुधारते. ज्वारी भिजवून, आंबवून केलेल्या बिबड्यांचे महत्त्व मला इथे दिसते. कळण्यासाठी जीव टाकणाऱ्यांनीही हे जाणून घ्यायला हवे, कारण आज रेशनवर गहू-तांदूळ येतात, दादरचा पेरा आटला आहे आणि देशाला उडीद म्यानमारमधून आणावा लागतो. जुने ताट तसेच्या तसे परत येणार नाही. त्यातले काय टिकवायचे, हे ठरवायला कारण माहीत असावे लागते.

शंकेखोर : कारण माहीत असूनही काय होते, ते खानदेशने शेतात पाहिले आहे. तुमच्या प्रथिनशास्त्राची इथली सर्वांत मोठी पेरणी ताटात झालेली नाही, कापसात झाली. २६ मार्च २००२ला बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे क्राय१एसी नावाचे प्रथिन कपाशीच्या पानाफुलांत तयार होऊ लागले. बियाणे जालन्याच्या महिकोचे, जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. २००६मध्ये त्यात दुसरे प्रथिन आले, क्राय२एबी. सुरुवातीला हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारे कमी झाले, हे मी नाकारत नाही. पण गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनाला दाद देणे सोडल्याचे २०१०मध्ये जाहीर झाले, आणि २०१७-१८च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा, खानदेश सगळीकडे बोंडे आतून किडली. वरून बोंड साजरे, फोडले तर आत अळी आणि पिवळी पडलेली कवडी. शेतकऱ्याने बियाण्याच्या पाकिटासाठी जादा पैसे मोजले होते ते त्या प्रथिनासाठी.

उत्साही : त्या बोंडात प्रथिन होतेच, नाना. ते काम कसे करते ते पाहिले, की बिघाड कुठे झाला ते कळते. हे प्रथिन अळीच्या पोटात जाते, तिथला रस अल्कधर्मी असतो, त्यात ते विरघळते, पाचक विकरे त्याचा टोकाचा भाग तोडून त्याला धारदार करतात, मग ते आतड्याच्या भिंतीवरच्या कॅडहेरिनसारख्या प्रथिनांना जाऊन चिकटते आणि भिंतीला छिद्रे पाडते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि त्याला पकडणारी ती प्रथिने आपल्या आतड्यात नसतात, म्हणून ते आपल्याला तसे लागत नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांच्या कॅडहेरिनचा सांगाडाच मोडलेला आढळला. चिकटायची जागाच अळीने बदलली.

असे होणार हे आधीच ठाऊक होते. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जायचे : ते कडेने लावा, तिथल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळू द्या. अमेरिकेच्या ॲरिझोनात ते पाळले गेले, पुढे विमानातून निर्बीज पतंग सोडले गेले, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. प्रथिन तेच. अळीची जातही तीच.

शंकेखोर : इथेच माझी शंका नेमकी होते. १२० ग्रॅमची पिशवी शेतकऱ्याने बांधावर टाकली, असे म्हणणे सोपे आहे. दोन-चार एकरवाल्याने आपल्याच रानातला एक भाग अळीला सोडावा, याची भरपाई कुणी ठरवली होती? आणि दोष फक्त त्याचा नाही. जगातल्या बहुतेक कापूस-देशांत सरळ वाण लावतात, आपल्याकडे संकरित. संकरिताच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते प्रथिन येत नाही, एका जनुकामागे साधारण चौथा हिस्सा त्याच्याविना राहतो. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विष आणि बिनविषाचे अन्न शेजारी-शेजारी मिळाले, प्रतिकाराची तालीमच झाली. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात ठिबकवर मान्सूनपूर्व लागवड व्हायची आणि दुसऱ्या टोकाला डिसेंबरनंतर जुन्याच कपाशीची फरदड राखायची. अळीला बारमाही घर. पुढे काही हंगाम १ जूनआधी बियाणे विकू दिले नाही, आता फरदड घेऊ नका म्हणतात, कामगंध सापळे लावा, अळी शिरलेल्या डोमकळ्या वेचा, पऱ्हाट्या बांधावर रचू नका असे सांगतात. हे सगळे शहाणपण नंतर आले. विकणाऱ्याने रेणूचे गुण विकले. रेणूला लागणारी शेती कुणी विकली नाही, शिकवलीही नाही.

उत्साही : यात मी तुमच्याशी सहमत आहे, आणि त्यामुळे माझेच म्हणणे अधिक स्पष्ट होते. प्रथिन काय करणार हे ते कुणाच्या समोर येते त्यावर ठरते. सरकीचेच घ्या. एक किलो रुईमागे दीड किलोहून जास्त सरकी निघते आणि तिच्यात प्रथिने भरपूर असतात. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य आहे, ते लायसिनलाही बांधून टाकते. मोठ्या म्हशीच्या कोठीपोटातले जंतू त्याला बऱ्याच अंशी निकामी करतात, म्हणून ढेप खाऊन ती दूध देते. कोंबडीला आणि माणसाला ते जमत नाही. अमेरिकेत कीर्ती राठोड यांनी २००६मध्ये असे झाड दाखवले, की ज्याच्या बियांत गॉसिपॉल जवळपास नाही आणि पानांत मात्र किडीपासून राखणीपुरते आहे. सरकी माणसाच्या ताटात आली तर खानदेशला केवढे अन्न मिळेल, याचा विचार तुम्हीही करा.

शंकेखोर : करतो. आणि लगेच विचारतो, की त्या बियाण्याची १२० ग्रॅमची पिशवी कोणती असेल? ते शेत कोणत्या शेजारी हवे, उंदीर-घुशी किती वाढतील, जिनिंगमध्ये दोन सरक्या वेगळ्या कोण ठेवील? हे प्रश्न बियाण्याच्या आधी विचारले जावेत, एवढेच माझे मागणे. तोच प्रश्न शाळेतल्या अंड्याला लावा. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले, न खाणाऱ्यांना केळी. जानेवारी २०२५मध्ये अंड्याचा वेगळा निधी थांबवला. चालू करताना आणि थांबवताना मुलांच्या वाढीचा कोणता हिशेब समोर होता?

उत्साही : केळी आपल्या जळगावची असली तरी एका केळ्यात प्रथिन सव्वा ग्रॅमच्या आसपास, अंड्यात सहा ग्रॅम, आणि तेही सगळी अमिनो आम्ले पुरेशी असलेले, जवळजवळ सगळे पचणारे. ऊर्जेसाठी केळे उत्तम आहे, पण अंड्याची जागा ते घेत नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा खुजेपणा ४७ टक्क्यांनी घटला. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. अक्राणी, साक्री, शिरपूरच्या अंगणवाड्यांत रोजचे अंडे हवे, असे मी म्हणते ते याच आधारावर.

शंकेखोर : त्यानंतर तोच प्रयोग आफ्रिकेत मलावीला झाला. रोज अंडे दिले, उंचीत फरक पडला नाही.

उत्साही : हो. तिथली मुले आधीपासून मासे खात होती, आणि सुरुवातीला खुजेपणाही इक्वेडोरपेक्षा कमी होता.

शंकेखोर : म्हणजे साक्रीचे मूल इक्वेडोरच्या जवळचे की मलावीच्या, हे कुणाला माहीत आहे? त्याच्या ताटात कळणा आहे की नुसता रेशनचा तांदूळ? पाणी कसले पिते, पोटात जंत आहेत का?

उत्साही : ते शोधायला दोन वर्षे लागतील, आणि सात महिन्यांच्या मुलाची वाढ दोन वर्षे थांबत नाही. वाढीचा नाजूक काळ तोच आहे. मी आज अंडे सुरू करीन आणि पहिल्या दिवसापासून उंची-वजन नोंदवीन. जिथे अंडे चालत नाही तिथे उडीद घातलेली भाकरी, आंबवलेली ज्वारी, दूध, आणि त्याचीही तशीच नोंद.

शंकेखोर : घाई २००२लाही होती, हिरव्या अळीने रान खाल्ले होते. तेव्हाही परिणाम नंतर पाहू म्हटले गेले. आता नोंद ठेवणार म्हणता, तर ती अंगणवाडीच्या सेविकेच्या हाती राहील की वर जाऊन अडकेल? आणि ज्या गावात अंडे देणार नाही, त्या गावाशी तुलना केल्याशिवाय अंड्यामुळे काय झाले ते कळणार कसे?

उत्साही : ज्या मुलाला अंड्याने फायदा होईल असे मला आजच वाटते, त्याला तुलनेसाठी अंड्याविना ठेवायला माझा हात धजत नाही. टप्प्याटप्प्याने गावे घेतली, तर आधीची आणि नंतरची अशी तुलना करता येईल. उशिरा येणाऱ्या गावांवर त्यात अन्याय होतो, हे मला दिसते.

शंकेखोर : मग ती यादी कोण लावणार, आणि शेवटच्या गावाला का थांबवले हे तिथल्या आईला कोण सांगणार? याचे उत्तर लिहून घेतल्यावर पहिले अंडे द्या.

उत्साही : उत्तर त्या आईला बसवूनच लिहावे लागेल. पण तोवर अंडे थांबवायला मी तयार नाही.

शंकेखोर : आणि त्याआधी सुरू करायला मी.